महाग ठरलेला माणूस

बाजाराचा एक साधा नियम आपल्या सर्वांच्या अंगवळणी पडलेला आहे. वस्तू खपत नसेल तर तिचा भाव उतरवावा. भाव पुरेसा उतरला की गिऱ्हाईक मिळते. भाजीवाला संध्याकाळी मेथीची जुडी निम्म्या किमतीत देऊन टाकतो आणि रिकामी पाटी घेऊन घरी जातो. परंतु माणसाच्या श्रमाचा जेथे व्यवहार होतो, तेथे हा नियम एका विशिष्ट ठिकाणी येऊन अडतो. चांगल्या पगारावर वीसएक वर्षे काम केलेला एखादा गृहस्थ नोकरी गमावतो, काही महिने घरी बसतो आणि शेवटी पूर्वीच्या दोनतृतीयांश पगारावर काम करण्याची तयारी दाखवतो. माल तोच असतो, भाव उतरलेला असतो आणि तरीही गिऱ्हाईक मागे सरते. 'आपण आम्हाला परवडणार नाही,' असे त्याला सांगण्यात येते. 'पण मला परवडते आहे,' असे तो म्हणतो, ते मात्र कोणी ऐकून घेत नाही.

अशा माणसाविषयी समाजाला फारशी सहानुभूती वाटत नाही. इतकी वर्षे ज्याने भरपूर मिळवले, त्याचे दुःख ते काय, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु घराच्या कर्जाचे हप्ते, मुलांची शिक्षणे, आईवडिलांची औषधे हे सारे त्या पगारावर बेतलेले असते. पगार एका दिवसात थांबतो. खर्च एका दिवसात थांबत नाहीत. शिवाय कामगाराला कपातीच्या वेळी नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाची भरपाई देण्याची तरतूद आपल्या कायद्यात असली, तरी व्यवस्थापकाचे काम करणारा माणूस कायद्याच्या व्याख्येत 'कामगार' ठरत नाही. त्याच्या वाट्याला करारात लिहिली असेल तेवढी नोटिशीची मुदत येते. म्हणजे ज्याच्या पगाराकडे पाहून आपण त्याला सुरक्षित समजतो, तो पुष्कळदा आतून उघडाच असतो.

आता दुसऱ्या बाजूला बसलेल्या मालकाचा विचार करू. तो स्वस्तात मिळणारा अनुभवी माणूस का नाकारतो? तो मूर्ख असतो म्हणून नव्हे. सोन्याचे कडे कोणी निम्म्या भावात विकू लागला, तर सराफ आनंदित होत नाही. तो ते कसोटीवर घासून पाहतो, आणि विकणाऱ्याच्या तोंडाकडेही पाहतो. उतरलेला भाव हाच त्याला धोक्याचा इशारा वाटतो.

येल विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ ट्रूमन ब्यूली यांनी १९९० नंतरच्या मंदीत या प्रश्नाचा निराळ्या रीतीने शोध घेतला. आकडेमोड करीत न बसता ते अमेरिकेच्या ईशान्य भागातील तीनशेहून अधिक माणसांना भेटले. त्यांत कारखानदार होते, व्यवस्थापक होते, कामगारांचे पुढारी होते. मंदीत बेकारी वाढते, मग वेतने का उतरत नाहीत, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात आपल्या विषयाशी निगडित अशी एक गोष्ट आढळते. बेकार झालेली माणसे कमी पगारावर यायला तयार होती. पण मालकच त्यांना घ्यायला राजी नव्हते. गरजेपेक्षा अधिक योग्यतेचा माणूस दिवस पालटताच निघून जाईल, ही त्यांची भीती होती.

ही पहिली भीती. माणूस शिकवून तयार करायला सहा महिने जातात आणि सातव्या महिन्यात तो राजीनामा देतो, हा अनुभव ज्याने एकदा घेतला, तो ताकही फुंकून पितो. दुसरी भीती असंतोषाची आहे. जो रोज मनातल्या मनात जुना पगार आणि नवा पगार यांची वजाबाकी करतो, त्याच्या चेहऱ्यावर ती वजाबाकी उमटते आणि शेजारच्या टेबलावरही पसरते. तिसरी भीती मुलाखतीत कोणी बोलून दाखवत नाही. ज्या अधिकाऱ्याच्या हाताखाली हा गृहस्थ यायचा असतो, तो वयाने लहान असतो, त्याचा पगारही याच्या जुन्या पगाराहून कमी असतो. आपल्या खुर्चीच्या मागे आणखी एक खुर्ची मांडली जात आहे, असे त्याला वाटते. 'परवडणार नाही' या दोन शब्दांत या तिन्ही भीती गुंडाळलेल्या असतात. त्यांतली पैशाची बाजू बहुधा सर्वांत लहान असते.

हा प्रश्न केवळ काचेच्या इमारतींत बसून काम करणाऱ्यांचा आहे, असेही कोणी समजू नये. मुंबईच्या गिरणगावाने तो फार कठोर रूपात पाहिला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, आणि पुष्कळांना गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही. गिरणीतल्या कायम विणकराचे वेतन म्हणजे निव्वळ मजुरी नव्हती. राहणीमानाच्या निर्देशांकाप्रमाणे वाढणारा महागाई भत्ता, प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, विमा योजनेचे दवाखाने आणि आठ तासांची पाळी, एवढे सारे त्यात गोवलेले होते. ही माणसे भिवंडीच्या यंत्रमागावर गेली, तेव्हा तेथे बारा तासांची पाळी होती आणि विणलेल्या कापडाच्या मापाने मजुरी होती. माग चालवण्याचे कसब तेच होते; पण त्या कसबाभोवती उभारलेले सारे घरच पडले होते. अहमदाबादेतही तसेच घडले. तेथील गिरण्या बंद पडल्यावर कामगारांचे काय झाले, याचा अभ्यास डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी केला आहे. कायम नोकरीतून रोजंदारीकडे, एकेक पायरी खाली घसरत जाणाऱ्या कुटुंबांचे चित्र त्यांच्या लेखनात दिसते.

गिरणी कामगाराची आणि आजच्या व्यवस्थापकाची मिळकत सारखी नव्हे, हे उघड आहे. परंतु दोघांची कोंडी एकाच जातीची आहे. दोघांनाही मागल्या ठिकाणी जे मिळत होते, ते त्या ठिकाणच्या रचनेमुळे मिळत होते. त्यातला काही भाग हाताच्या कसबाचा होता, काही भाग संघटनेचा, शहराचा आणि त्या काळाचा होता. ठिकाण सुटले की हे भाग वेगळे होतात. माणसाला मात्र ते वेगळे करून पाहण्याची सवय नसते. 'माझा पगार' असे तो म्हणतो, आणि 'माझा हात', 'माझा डोळा' म्हणावे तसे म्हणतो.

ही सवय आपल्याकडे फार खोल मुरलेली आहे. सरकारी नोकरीच्या दीर्घ परंपरेने ती पोसली असावी. सरकारी सेवेत एका पदावरून दुसऱ्या पदावर रीतसर जाणाऱ्याचे वेतन सामान्यतः संरक्षित असते. वेतनश्रेणी ही तेथे एक प्रकारची प्रतिष्ठा असते, आणि ती मागे जात नाही. खाजगी नोकरीत तसे संरक्षण नाही, पण मनातली समजूत तीच राहिली आहे. लग्नाच्या स्थळाची माहिती देताना मुलाचे 'पॅकेज' सांगितले जाते, आणि तो आकडा पुढे नातेवाइकांच्या तोंडी त्याचे आडनाव होऊन बसतो. असा आकडा वीस वर्षे मिरवल्यानंतर तो खाली उतरवणे म्हणजे आपणच खाली उतरणे, असे वाटू लागते. मुलाखतीत समोरच्याला जी भीती वाटते, तिचे मूळ कधी कधी उमेदवाराच्या याच समजुतीत असते; आणि अशा वेळी ती भीती अगदीच अनाठायी म्हणता येत नाही.

म्हणून पहिले काम हे, की तो आकडा सोलून पाहावा. समजा, एखाद्याचे वार्षिक पॅकेज चोवीस लाखांचे आहे. मूळ वेतन त्याच्या निम्मे, म्हणजे बारा लाख धरू. मालकाने भरावयाची प्रॉव्हिडंट फंडाची बारा टक्के वर्गणी १,४४,००० रुपये होते. ग्रॅच्युइटीसाठी बाजूला काढलेली रक्कम ५८,००० च्या आसपास येते. विम्याचा हप्ता तीस हजार आणि कंपनीच्या नफ्यावर अवलंबून असलेले, मिळाले तर मिळणारे वेतन चार लाख धरले, तर ही सारी बेरीज सहा लाखांच्या वर जाते. उरले साडेसतरा लाखांहून थोडे अधिक. महिन्याला सुमारे १,४७,००० रुपये, आणि त्यातून स्वतःची वर्गणी व आयकर जायचा असतो. चोवीस लाखांचा माणूस म्हणून ज्याला परत पाठवले, तो प्रत्यक्षात एवढ्यावर संसार करीत होता. नवी संस्था जर निश्चित वेतन अधिक आणि अनिश्चित वेतन कमी देत असेल, तर तिचे अठरा-एकोणीस लाख हे पूर्वीच्या चोवीस लाखांपासून वाटते तितके दूर नसतात. परंतु हे गणित उमेदवाराने स्वतः मांडून दाखवले नाही, तर समोरचा माणूस ते मांडत बसत नाही. तो फक्त वरचा आकडा वाचतो.

त्या आकड्यात शहरही दडलेले असते. हे तर सरकारच मान्य करते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला मुंबईत मूळ वेतनाच्या तीस टक्के घरभाडे भत्ता मिळू लागला, तेव्हा नाशिकला वीस टक्के आणि लहान गावी दहा टक्के मिळू लागला. काम तेच, माणूस तोच. गाव बदलले की वेतन बदलते, आणि त्यात कोणी अपमान मानत नाही. मग बंगळूर सोडून नागपूरला किंवा इंदूरला आलेल्या माणसाने कमी वेतन स्वीकारले, तर ते 'घसरणे' कशावरून?

या संदर्भात २०१९ सालची एक घटना विचार करण्याजोगी आहे. त्या वर्षी १७ एप्रिलला जेट एअरवेज या विमान कंपनीची उड्डाणे थांबली आणि हजारो माणसे एकदम रस्त्यावर आली. तिची बोइंग ७३७ जातीची काही विमाने स्पाइसजेटने घेतली आणि त्यांबरोबर तिच्या वैमानिकांना व इतर कर्मचाऱ्यांनाही घेतले. कित्येक जण पूर्वीपेक्षा कमी वेतनावर गेले. त्यांना कोणी 'तुम्ही महाग आहात, उद्या निघून जाल' म्हणून परत पाठवले नाही. याचे कारण उघड आहे. वैमानिकाजवळ त्या जातीचे विमान चालवण्याचा परवाना असतो. त्याला काय येते, हे त्या कागदावरून कळते, त्यासाठी त्याचा जुना पगार पाहावा लागत नाही. ज्याचे काम असे मोजता येत नाही, त्याची योग्यता ठरवायला मात्र मालकाला दुसरे काही साधन सापडत नाही, म्हणून तो पगाराचा कागद मागतो. मागला पगार हा बहुतेक वेळा न दिसणाऱ्या कामाचा बदली पुरावा असतो. तेव्हा काम दिसू लागले, की त्या पुराव्याची गरज आपोआप कमी होते.

हा पुरावा मुळात मागावाच का, असा प्रश्न जगात अनेक ठिकाणी विचारला गेला आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ साली कायदा केला आणि तो जुलै २०१८ पासून अमलात आला. नोकरी देऊ करण्यापूर्वी उमेदवाराला त्याचा पूर्वीचा पगार विचारण्यास त्याने मनाई केली. कॅलिफोर्नियातही २०१८ च्या आरंभापासून तसा कायदा लागू झाला. युरोपीय संघाने २०२३ साली याच धर्तीचा निर्देश काढून सदस्य राष्ट्रांना तो अमलात आणण्यासाठी ७ जून २०२६ पर्यंतची मुदत दिली. उमेदवाराला पूर्वीचे वेतन विचारू नये आणि जागेचे वेतन किती ते त्याला आधी कळवावे, असे त्यात सांगितले आहे.

या कायद्यांचा मूळ हेतू मात्र आपल्या महाग गृहस्थाला मदत करण्याचा नव्हता. ते केले गेले मुख्यतः स्त्रियांसाठी. एखाद्या स्त्रीला पहिल्या नोकरीत पुरुषापेक्षा कमी वेतन मिळाले, आणि पुढील प्रत्येक नोकरीत मागल्या वेतनावर अमुक टक्के वाढ या हिशेबाने वेतन ठरले, तर पहिला अन्याय जन्मभर तिच्या मागे चालत राहतो. तो दुवा तोडण्यासाठी हा प्रश्नच बंद करण्यात आला. पण नीट पाहिले तर ज्या प्रश्नाने कमी पगाराच्या स्त्रीला खाली दाबून ठेवले, त्याच प्रश्नाने अधिक पगाराच्या माणसाला दाराबाहेर ठेवले. दोघांचाही मालक नव्या कामाची किंमत करीत नाही. तो जुन्या मालकाने केलेली किंमत उतरवून घेतो. आपल्या देशात वेतनात स्त्रीपुरुष भेद करण्यास कायद्याने मनाई आहे. १९७६ च्या समान वेतन कायद्यापासून हे तत्त्व चालत आले आहे. परंतु मागला पगार विचारण्याला बंदी नाही. तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागणे हा येथे नित्याचा शिरस्ता आहे.

तोपर्यंत मग उमेदवाराने काय करावे? खोटा आकडा सांगणे हा मार्ग नव्हे. तो नीतीच्या दृष्टीने तर वाईट आहेच. शिवाय स्लिपा, बँकेची खातेपुस्तिका आणि आयकराचा दाखला यांतून तो चार दिवसांत उघडा पडतो, आणि महाग ठरलेला माणूस अविश्वासू ठरतो. आकडा विचारला तर तो खरा सांगावा; पण एकटा सांगू नये. त्याच्यामागोमाग त्याची फोड सांगावी, आणि मग आपल्याला आज किती हवे ते निश्चित शब्दांत सांगावे. 'जे द्याल ते चालेल' या वाक्याने कोणाचेही समाधान होत नाही. ज्याला काहीही चालते, त्याला पुढे काहीच चालणार नाही, असे ऐकणाऱ्याला वाटते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे कमी वेतनावर येण्याचे कारण द्यावे, आणि ते कारण दोन वर्षांनीही टिकणारे असावे. 'सध्या बाजार मंद आहे' हे कारण खरे असले तरी ते पहिल्या भीतीलाच दुजोरा देते. बाजार सुधारला की हा जाणार, हे समोरच्याला आपणच सांगितल्यासारखे होते. उलट, आईवडील थकले म्हणून गावी कायमचे परतलो, कर्ज फिटले म्हणून आता तेवढी मिळकत लागत नाही, वर्षातले आठ महिने परगावी फिरण्याची नोकरी आता नको, ही कारणे उद्या बदलणारी नसतात. अर्थात ती खरी असतील तरच सांगावीत. आणि जर खरोखरच मन थोड्या काळापुरते कोठेतरी टेकू शोधत असेल, तर कायमच्या जागेसाठी अर्ज करण्यापेक्षा मुदतीचे काम मागणे अधिक प्रामाणिकपणाचे, आणि पुष्कळदा अधिक सोपेही असते.

तिसऱ्या, न बोललेल्या भीतीवर वेगळा उपाय नाही. आधीच्या ठिकाणी माझ्या हाताखाली अमुक माणसे होती, हे वाक्य ज्या मुलाखतीत तीनदा येते, तेथे तरुण अधिकारी मनातून उठून गेलेला असतो. त्याऐवजी या जागेवर पहिल्या तीन महिन्यांत मी स्वतःच्या हाताने काय करीन, हे सांगणारा माणूस त्याला आपल्या बाजूचा वाटू लागतो.

एवढे करूनही नकार येतील. म्हणून एक गोष्ट अर्ज करण्याच्याही आधी, घरात बसून करावयाची असते. आपला संसार किमान किती रुपयांत चालेल, हा आकडा पत्नीसमवेत, आणि मुले जाणती असतील तर त्यांच्यासमवेतही, कागदावर मांडावा. कित्येक घरांत हा गृहस्थ महिनोन्महिने सकाळी कपडे करून बाहेर पडतो आणि घरच्यांना काही कळू देत नाही. आपला जुना आकडा निदान घरात तरी शाबूत राहावा, अशी त्याची धडपड असते. त्या धडपडीत शिल्लक संपते आणि मग तो हताश होऊन मिळेल त्या वेतनावर सही करतो. ते वेतन त्याच्या किमान गरजेच्याही खाली असेल, तर मालकाची पहिली भीती खरी ठरते आणि पुढच्या उमेदवाराचे दार आणखी थोडे लोटले जाते. गरजेचा आकडा ज्याला आधीच ठाऊक असतो, तो कोठे 'हो' म्हणायचे आणि कोठे उठायचे, हे शांतपणे ठरवू शकतो.

मालकांनाही काही सांगण्यासारखे आहे. जागेचे वेतन जाहिरातीतच लिहिले, तर निम्मे गैरसमज अर्ज येण्यापूर्वीच मिटतील. जो ते वाचून अर्ज करतो, त्याने आपला हिशेब केलेला आहे, एवढा विश्वास त्याच्यावर ठेवायला हरकत नाही. तो निघून जाईल ही भीती असेल, तर ती त्याच्यासमोर बोलून दाखवावी. तिला उत्तर देण्याची संधी त्याला मिळेल. मनातल्या मनात नाकारलेल्या माणसाला आपण का नाकारले गेलो, हे कळत नाही, आणि तो पुढच्या दारातही तीच चूक घेऊन जातो. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या माणसाजवळ पंधरा-वीस वर्षांचे काम अजून शिल्लक असते. एका जुन्या आकड्यापायी ते वाया गेले, तर नुकसान एकट्या त्याचे होत नाही. त्याच्या गावातल्या लहान कारखान्याला, शाळेला, रुग्णालयाला त्याच्यासारखा माणूस एरवी कधी मिळालाच नसता.